शेवटपर्यंत बघितलं

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. नोकरी संपवून पेणला घरी बसलो तेव्हाच लिहून टाकायची असं ठरवलं होतं. एकदा सुरुवातही केली. पण कंपनीची बस, नागोठण्याच्या पुढचे खड्डे, कॅन्टीनची उसळ असलं सगळं लिहीत बसलो आणि ज्या वाक्यापाशी यायला हवं होतं तिथे पोचलोच नाही. कागद तसेच राहिले. वर्षं गेली.

म्हणून या वेळी ते वाक्य आधीच लिहितो. साहेबांच्या केबिनमध्ये उभा राहून मी म्हणालो होतो, "हो साहेब, मी शेवटपर्यंत बघितलं."

मी शेवटपर्यंत बघितलं नव्हतं.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी गोडाऊनला सुपरवायझर होतो. पावडरचे ड्रम यायचे, लॅबमधून पास व्हायचे, ट्रकमध्ये चढायचे. पेणहून सकाळी कंपनीची बस निघे आणि वडखळला एक बाई चढत असे. तिचं माहेर-सासर दोन्ही खाडीकाठचं, वडिलांचा जन्म मिठागरावर गेलेला. तिने पेणला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर एन्ट्री करायला लागली. मी तिला बाय म्हणायचो, ती मला दादा. माझ्यापेक्षा बरीच लहान, पण बसमध्ये माझी फिरकी घेतल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

"दादा, आज पन डबा इसरलात? वयनी एक दिवस घरात घेनार नाय तुम्हाला."

"विसरलो नाही, आज कॅन्टीनला वडे आहेत."

"म्हंजे वयनीला फसवलात. सांगू काय फोन करून?"

मागच्या सीटवरचे सगळे हसायचे. मीही हसायचो. तिच्या डब्यातला सुक्या जवळ्याचा वास बसभर झालेला असायचा, आणि दुपारी त्यातला वाटा मला मिळणार हे ठरलेलं असायचं.

तिच्याकडे जी कामं होती त्यातलं एक मोठं जबाबदारीचं होतं. लॅबने एखादा लॉट नापास केला की तिला फोन यायचा आणि तिने तो लॉट कॉम्प्युटरमध्ये 'होल्ड'वर टाकायचा. होल्डवर पडलेला माल गेटबाहेर जात नसे. लोडिंगवाल्याच्या कागदावर तो येतच नसे, म्हणून कोणी चढवतही नसे. ड्रम दिसायला सगळे सारखेच. कुठला चांगला, कुठला वाईट हे फक्त त्या एन्ट्रीवरून कळायचं.

आता ते क्लोजिंग सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे.

दिवसभराच्या एन्ट्र्या नुसत्या टाकून भागत नसे. संध्याकाळी, शिफ्ट संपताना, एक कमांड टाईप करून क्लोजिंग करायचं. ते झालं की दिवसभराच्या एन्ट्र्या पक्क्या होत. पासवर्ड सुपरवायझरकडे, म्हणजे माझ्याकडे. कॉन्ट्रॅक्टच्या माणसांना ते करायला परवानगी नव्हती. पूर्वी क्लोजिंग केलं की प्रिंटर खडखडत सुटायचा, घड्या पडलेला लांबच लांब कागद जमिनीवर उतरायचा आणि तो थांबला की काम झालं. कागद असा उतरायचा की शेवटचं पान वर राही. आम्ही सगळे तेवढंच पान बघायचो. खाली 'पूर्ण' असं छापलेलं असलं की कागद फाडायचा, रबर लावून कपाटात टाकायचा आणि बसकडे निघायचं. कितीही घाई असली तरी प्रिंटर त्याचा तो चालायचा. आपण बघितलं काय आणि नाही बघितलं काय, काम पुरं होत होतं.

मग कागद वाचवायचा म्हणून प्रिंटर काढला. तीच यादी आता काळ्या पडद्यावर यायला लागली, पांढऱ्या बारीक अक्षरांत. सुरुवातीला ती इतक्या जोरात वर पळायची की काहीच वाचता येत नसे. आम्ही तक्रार केली. ज्यांनी हे सॉफ्टवेअर बसवलं होतं त्यांनी फोनवरून काहीतरी बदल केला आणि दुसऱ्या दिवसापासून यादी एक पडदाभर येऊन थांबायला लागली. मॉनिटरच्या कडेला कोणीतरी चिठ्ठी चिकटवली. स्पेस दाबलं की पुढे, क्यू दाबलं की बाहेर.

दोनच बटणं, पण माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. यादी थांबली की खाली डाव्या कोपऱ्यात एकाखाली एक अशी दोन टिंबं यायची आणि शेजारी एक चौकोन लुकलुकत राहायचा. मला वाटायचं ते मला काहीतरी विचारतंय. मी एंटर दाबायचो. एकच ओळ सरकायची. परत टिंबं. भलतंच बटण दाबलं गेलं की सगळी यादी गायब होऊन इंग्रजीतला काहीतरी मजकूर समोर यायचा आणि तो कसा घालवायचा हे कळत नसे. वर गेलेल्या ओळी कुठे जातात हेही मला कधी उमगलं नाही. कागद असता तर उचलून बघितला असता. इथे मी मान वर करून पडद्याच्या वरच्या कडेकडे बघायचो, जणू त्या तिथे मागे पडल्या असतील.

एकदा तिने ते बघितलं.

"दादा, वर काय बघताय? पाल हाय काय?"

"अगं, त्या ओळी गेल्या. आता परत कशा आणायच्या?"

"आनता येतात. पन तुम्हाला कशाला पायजेत गेलेल्या? पुढं बघा. ती दोन टिंबं हायत ना, म्हंजे अजून हाय खाली, असा सांगतंय ते."

"मग तसं लिहून सांगायला काय जातं त्याला?"

"तुमच्यासारखंच हाय. थांबतं आनि बोलत नाय."

मला ते समजलं की नाही, आता सांगता येत नाही. समजलं असावं. पण रोज मी तेच करायचो. स्पेस दाबायचं, पुन्हा दाबायचं, कंटाळा आला की क्यू. पडदा मोकळा व्हायचा, कमांड टाईप करायची नेहमीची ओळ यायची. सकाळी येऊन बघावं तर सगळ्या एन्ट्र्या पक्क्या झालेल्या असायच्या. त्यामुळे क्यू म्हणजे बाहेर पडायचं बटण, कामाशी त्याचा संबंध नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. प्रिंटरच्या वेळी कागद न वाचता कपाटात टाकायचो, तसंच हे. काम मागे झालेलंच असतं, आपण फक्त बघायचं थांबवतो.

रात्रीच्या शिफ्टचा सुपरवायझर यायचा तेव्हा विचारायचा, "क्लोजिंग बघितलं?" आणि मी म्हणायचो, "शेवटपर्यंत." तोही सकाळी मला तसंच सांगायचा. जेवलात का म्हटल्यावर माणूस हो म्हणतो, तसं.

गणपतीच्या आधीचे दिवस होते आणि महिनाअखेर. पेणहून मूर्तींचे टेम्पो निघायला लागले की हायवेला वडखळपर्यंत गाड्या तुंबतात, म्हणून ड्रायव्हर त्या दिवसांत बस लवकर काढायचा. गोडाऊनला डिस्पॅचची झुंबड होती. ती खुर्चीवरून उठलीच नव्हती. संध्याकाळी मी क्लोजिंगला बसलो. पलीकडे ती पर्स आवरत होती. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला.

मी स्पेस दाबलं. यादी. टिंबं. पुन्हा स्पेस. पुन्हा यादी. महिनाअखेरीला ती लांबच असते. पुन्हा हॉर्न.

"चला दादा, तो सोडून जाईल," ती दारातून म्हणाली.

"आलो, हे संपतच नाही."

मी क्यू दाबलं. पडदा मोकळा झाला. नेहमीची ओळ आली. मी उठलो.

असं मला आठवतं. पण हेही खरं की इतक्या वर्षांत मी ती संध्याकाळ इतक्या वेळा मनात चालवली आहे की आता त्यात मी काय घातलंय आणि मुळात काय होतं हे मला वेगळं करता येत नाही. कधी वाटतं, हॉर्न नंतर झाला. कधी वाटतं, त्या दिवशी मी खरंच शेवटपर्यंत गेलो होतो आणि 'पूर्ण' बघितलं होतं. मग स्वतःलाच विचारतो, बघितलं असतं तर तिची एन्ट्री कुठे गेली?

दुसऱ्या दिवशी एक ट्रक भरून गेला. काही दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन आला. पावडरला गुठळ्या, मशीन अडकलं. माल परत आला तेव्हा लॉट बघितला. लॅबने नापास केलेला लॉट. तो गेटबाहेर जायलाच नको होता. कॉम्प्युटरमध्ये शोधलं तर त्या लॉटवर होल्ड नव्हताच.

साहेबांनी तिला बोलावलं आणि मलाही.

"मी टाकला व्हता होल्ड," ती म्हणाली. "लॅबचा फोन आला, मी लगेच टाकला. गर्दी व्हती तरी टाकला."

"मग गेला कुठे? कॉम्प्युटरने खाल्ला?"

"ते मला नाय ठाव साहेब. पन मी टाकला."

साहेब माणूस वाईट नव्हता. तिला पर्मनंट करावं म्हणून त्यानेच वर शिफारस केली होती. त्यामुळे तो जास्त चिडला होता. माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "क्लोजिंग तुमचं होतं ना? एन्ट्री केली असेल तर यादीत दिसली असती. तुम्ही यादी शेवटपर्यंत बघितली होती का?"

"हो साहेब, मी शेवटपर्यंत बघितलं."

"होल्ड दिसला?"

"नाही दिसला."

दुसरं उत्तर खरं होतं. पहिल्यामुळे ते खोट्याहून वाईट झालं.

मी खोटं बोलतोय असं मला त्या क्षणी वाटलं नाही, हे सांगितलं तर कुणाला पटेल? रोज म्हणतो तेच म्हणालो. मला खरंच वाटत होतं की ती विसरली असणार. होल्ड नाही म्हणजे टाकला नाही, इतका सरळ हिशोब. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला तेव्हाच कळायला हवी होती. त्यात राग नव्हता. ती आठवून बघत होती. तोंडातल्या तोंडात म्हणाली, "दादांनी बघितलाय आनि नाय दिसला... मंग मी केलं तरी काय?"

त्यानंतर ती वाद घालायची थांबली. स्वतःच्या आठवणीपेक्षा माझा शब्द तिने खरा मानला.

तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. पर्मनंटचा विषयच निघाला नाही. बस वडखळला थांबायची, कारण तिथून अजून दोघंचौघं चढत, पण बसमध्ये कोणी माझी फिरकी घेत नसे. गणपती झाले, दिवाळी झाली. माझ्या मनात काही नव्हतं. हळहळ होती, तीही तिने चूक केली याची.

मग सॉफ्टवेअरवाल्यांचा एक इंजिनियर आम्हाला शिकवायला आला. माझ्याच वयाकडे झुकलेला, शांत बोलणारा. लांब यादी कशी बघायची हे त्याने आम्हाला नीट दाखवलं. एक पडदा मागे कसं जायचं. एकदम शेवटाला कसं जायचं, एकदम पहिल्या ओळीला कसं यायचं. तिरकी रेघ मारून लॉट नंबर टाकला की तो यादीत कुठे आहे ते शोधून कसं देतं. गेलेल्या ओळी परत येताना मी पहिल्यांदा बघितल्या. मला लहान मुलासारखा आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते.

शेवटी तो म्हणाला, "आणि एक. क्लोजिंग चालू असताना मध्येच क्यू दाबू नका. सोय करतोय आम्ही, पण तोपर्यंत सांभाळा."

"का? क्यू म्हणजे बाहेरच ना?" मी विचारलं.

"बाहेर, पण तुमच्याबरोबर क्लोजिंगही बाहेर. तुम्ही यादी वाचायची बंद केलीत की मागून लिहिणारं कामही तिथेच मरतं."

"असं कसं? आम्ही तर नेहमी दाबतो. सकाळी सगळं बरोबर असतं."

"यादी आटोपशीर असेल तेव्हा मागचं काम आधीच संपलेलं असतं. तुम्ही पहिलं पान बघेपर्यंत ते मोकळं झालेलं असतं. यादी फार लांब असेल तर तसं होत नाही. थोडं पुढचं लिहून ते थांबतं, तुम्ही स्पेस दाबायची वाट बघत."

मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. मग माझ्या डोक्यात खाडीच्या बांधातली उघाडी आली, भरतीचं पाणी आत घ्यायची फळी. आतला खड्डा लहान, पाणी थोडं, तर ते सगळं एकदम आत येऊन जातं, मग फळी पाडली तरी काही बिघडत नाही. पाणी जास्त असेल तर खड्डा भरतो आणि बाकीचं बाहेर तटून राहतं. तेव्हा फळी पाडली तर ते बाहेरच राहतं. एवढं समजायला मला बराच वेळ लागला.

"यादीत शेवटी काय असतं?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, इतकी वर्षं तीच यादी बघत होतो.

"होल्ड," तो म्हणाला. "सगळ्यात शेवटी होल्ड. थांबा, दाखवतो." त्याच्या लॅपटॉपवर खोट्या एन्ट्र्यांची लांब यादी होती. त्याने क्लोजिंग चालवलं, दोन पडदे पुढे गेला आणि क्यू दाबलं. पडदा मोकळा झाला. नेहमीची ओळ आली. कसलीही तक्रार नाही, लाल अक्षर नाही. मग त्याने होल्ड शोधले. एकही नव्हता.

"टाकलेली एन्ट्री कुठे गेली?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी कच्च्या एन्ट्र्या पुसल्या जातात. गेली."

त्या वेळी बोलायला हवं होतं. खोलीत आम्ही चारपाच जण होतो, तो होता, साहेब शेजारच्या केबिनमध्ये होता. मी वहीत लिहून घेतलं की मध्येच क्यू दाबू नये, आणि चहाला गेलो. पुढे साहेबाची बदली झाली तेव्हा वाटलं, आता सांगायचं कुणाला? मग माझी निवृत्ती आली. मग वाटलं, नक्की तसंच झालं हे तरी कशावरून? इंजिनियरने दाखवलं ते त्याच्या लॅपटॉपवर. त्या संध्याकाळी मी कुठल्या पडद्यावर होतो हे कोण सांगणार? या शंकेला मी फार जपलं. ती माझ्या सोयीची होती.

गेल्या हिवाळ्यात कळलं की ती आता रोह्याजवळ वरशाला राहते, खोली घेऊन, कंपन्यांतल्या एकट्या माणसांना डबे देते. मी पेणहून गाडी पकडून रोह्याला गेलो. बायकोला सांगितलं, जुन्या ओळखीचं कोणीतरी आजारी आहे. स्टेशनवरून रिक्षाने वरशाला जाताना काय बोलायचं ते मनात पक्कं केलं होतं.

दार उघडंच होतं. ओट्यावर डब्यांची रांग, ती भाकऱ्या दुमडून भरत होती. केस पांढरे झाले होते. तिने बघितलं आणि पीठ लागलेले हात तसेच वर केले.

"दादा! अगो बाय, दादा आलं! या, या. वयनीने घरातून हाकलला वाटतं शेवटी?"

मी हसलो. तिने खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. घरातलं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं, बसमधल्या एकेकाचं विचारलं. मी सगळ्यांची उत्तरं देत गेलो. मग म्हणालो, "बाय, तू कॉम्प्युटर सोडलास ते बरं नाही केलंस. तुझा हात चांगला होता."

"कसला चांगला, दादा." ती एक डबा बंद करत म्हणाली. "त्या टायमाला सासू आजारी व्हती, डोकं थाऱ्यावर नसेल. पन मला आजून डोल्यासमोर दिसतंय, मी होल्ड टाकते हाय. लॉट दिसतोय, हात दिसतात. आनि टाकलेला तर नव्हता! तुम्ही सवता बघितलात. मंग मला जे दिसतंय ते काय?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तवापासून काय झालाय सांगू? गॅस बंद केला तरी परत जाऊन बघते. कुलूप लावला तरी रस्त्यातून माघारी येते. लेक हसते. बोलते, आई, आत्ता तर लावलास. मी बोलते, तुला नाय ठाव, मला वाटतं मी केलं आनि केलेलं नसतं."

तेव्हा माझ्या तोंडात ते सगळं आलं होतं, अगदी दातांपर्यंत. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "वय झालं की होतं असं."

"व्हय," ती म्हणाली. "असंल."

तिने माझ्यासाठीही एक डबा भरला, वरून जवळ्याची चटणी. मी नको नको म्हणत घेतला. दारापर्यंत पोचवायला आली. मी पायऱ्या उतरलो, थांबलो, वळलो.

"काय इसरलात, दादा?"

"नाही, काही नाही."

ती आत गेली आणि गॅस बघायला वळली, हे मला बाहेरून दिसलं. मी रिक्षा येईपर्यंत तिथे उभा होतो. हाक मारण्याइतकं अंतर होतं. जे म्हणायचं होतं ते असं होतं:

बाय, होल्ड तू टाकला होतास. तुला दिसतंय ते खरं आहे. मी बसच्या घाईत यादी मध्येच सोडली आणि तुझी एन्ट्री तिथेच गेली. साहेबांना मी शेवटपर्यंत बघितलं म्हणालो, ते खोटं होतं. तुझं डोकं तेव्हाही थाऱ्यावर होतं, आजही आहे. तू गॅस बंद करतेस तेव्हा तो बंद असतो. मला माफ कर.